मिनिटाला १९ लाख पेशी : एका प्रसिद्ध आकड्याची तपासणी

दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन पाळला जातो. त्या सुमारास निघणाऱ्या पत्रकांत आणि वर्तमानपत्रांतील लेखांत एक वाक्य हमखास आढळते : पक्षाघाताचा झटका आल्यावर उपचारावाचून गेलेल्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतील १९ लाख पेशी मरतात. वाक्य ठसठशीत आहे. फळ्यावर लिहायला सोपे, विद्यार्थ्यांच्या लक्षात राहणारे आणि ऐकणाऱ्याला खुर्चीतून उठवणारे. अशा आकड्याचा वापर आपण शिक्षक मंडळी आनंदाने करतो. पण विज्ञान शिकवणाऱ्याने कोणताही आकडा वापरण्यापूर्वी त्याला दोन प्रश्न विचारले पाहिजेत : तू कुठून आलास? आणि तू काय सांगत नाहीस? या लेखात आपण १९ लाखांना हे दोन प्रश्न विचारू.

आकड्याचे मूळ

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली ‘स्ट्रोक’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ‘वेळ म्हणजे मेंदू’ ही घोषणा डॉक्टरांमध्ये त्याआधीपासूनच रूढ होती. सेव्हर यांनी तिला संख्येचे रूप दिले. कोणत्याही रुग्णाच्या मेंदूतील पेशी मरताना त्यांनी मोजल्या नाहीत. तशा त्या मोजताही येत नाहीत. इतरांनी केलेल्या मोजमापांतून त्यांनी तीन संख्या घेतल्या.

पहिली संख्या : मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडल्यास मेंदूचा सरासरी ५४ मिलिलिटर भाग अखेरीस मृत होतो. दुसरी : हे नुकसान पुरे व्हायला सरासरी १० तास लागतात. तिसरी : माणसाच्या अग्रमस्तिष्कात सुमारे २२०० कोटी चेतापेशी असतात. यावरून ५४ मिलिलिटरमध्ये अंदाजे १२० कोटी चेतापेशी येतात. त्या १० तासांत मरत असतील तर तासाला १२ कोटी. त्याला ६० ने भागले की मिनिटाला सुमारे २० लाख. मूळ संख्या थोड्या कमी पूर्णांकित केल्याने निबंधात १९ लाख हे उत्तर येते. आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल असे हे त्रैराशिक आहे.

याच पद्धतीने निबंधात आणखी काही आकडे काढले आहेत. मिनिटाला पेशींमधील १४०० कोटी जोडण्या नष्ट होतात, १२ किलोमीटर चेतातंतू नष्ट होतात, आणि उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक तासाला मेंदू ३.६ वर्षांनी म्हातारा होतो, असे हे हिशेब आहेत.

या निबंधाचे श्रेय आधी मान्य करू. पक्षाघाताचा झटका बहुधा वेदनारहित असतो. हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, तरी माणूस कळवळत नाही. त्यामुळे ‘थोडे पडून राहू दे, सकाळी बघू’ असे घरचे म्हणतात. छातीत कळ आली की जी धावपळ होते, ती येथे होत नाही. अशा वेळी न दिसणारे नुकसान डोळ्यांपुढे उभे करणारा आकडा हवाच होता आणि सेव्हर यांनी तो दिला. शिवाय त्यांनी आपल्या गृहीतांच्या मर्यादा लपवल्या नाहीत. मृत भाग १९ ते १०० मिलिलिटर आणि कालावधी ६ ते १८ तास असू शकतो, हे त्यांनी निबंधातच लिहिले आहे. पत्रकांत मात्र सरासरी तेवढी उतरली आणि या कक्षा मागे राहिल्या.

पहिला आक्षेप : सरासरीचा माणूस

त्या कक्षाच घेऊन पुन्हा गणित करून पाहू. ५४ मिलिलिटरमध्ये १२० कोटी, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये सुमारे २ कोटी २२ लाख पेशी. एखाद्या रुग्णाचा १९ मिलिलिटर भाग १८ तासांत मृत झाला, तर मिनिटाला सुमारे ४ लाख पेशी जातील. दुसऱ्याचा १०० मिलिलिटर भाग ६ तासांत गेला, तर मिनिटाला सुमारे ६२ लाख. दोन्ही टोकांत पंधरा-सोळा पटींचे अंतर पडते, तेही मूळ निबंधातील संख्या वापरून. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील एका गटाने रुग्णांच्या मेंदूच्या चित्रणांवरून हाच हिशेब नव्याने मांडला. त्यांना हा वेग कुणात मिनिटाला ३५ हजारांहून कमी, तर कुणात २ कोटी ७० लाखांहून जास्त असल्याचे आढळले. ही तफावत शेकडो पटींची आहे.

एवढा फरक कशाने पडतो? शेताला पाणी देणारा मुख्य पाट दगडमातीने बुजला, तर सगळी शेते एकाच वेळी सुकत नाहीत. ज्या शेताला शेजारच्या चारीतून थोडे पाणी झिरपते ते तग धरते. ज्याला दुसरी वाटच नाही ते दुपारपर्यंत माना टाकते. मेंदूतही मुख्य धमनी बंद पडल्यावर शेजारच्या धमन्यांच्या बारीक जोडवाटांनी थोडे रक्त येत राहते. या जोडवाटा प्रत्येकाच्या सारख्या नसतात. अगदी मध्यभागाच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. त्याभोवतीच्या पट्ट्यातील पेशी मात्र काम थांबवून, पण जिवंत राहून, वाट पाहतात. ग्रहणातील गडद छायेभोवती जशी फिकट उपच्छाया असते तसा हा पट्टा असतो आणि डॉक्टरही त्याला उपच्छायेचेच नाव देतात. उपचाराने वाचवायचा असतो तो हाच पट्टा. कुणाचा तो तासाभरात संपतो, कुणाचा बारा तासही टिकतो.

म्हणून १९ लाख हा कोणत्याही एका रुग्णाचा वेग नव्हे. वर्गाची सरासरी उंची १४० सेंटिमीटर असली म्हणून गणवेश शिवताना सगळ्यांचे माप १४० घेत नाहीत. तसेच हे आहे.

दुसरा आक्षेप : सगळीकडे सारख्याच पेशी?

या हिशेबात अग्रमस्तिष्कातील चेतापेशी सगळीकडे सारख्या विखुरलेल्या आहेत असे धरले आहे. प्रत्यक्षात त्यांची गर्दी बाहेरच्या करड्या थरात असते. आतल्या पांढऱ्या भागात मुख्यतः तंतू असतात. तंतूंच्या वाटेवरचा अगदी लहान भाग मेला तरी पूर्ण हात-पाय निकामी होऊ शकतो, जरी मेलेल्या चेतापेशींची संख्या थोडी असली तरी. एकूण संख्येविषयीही मतभेद आहेत. २००९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी नव्या पद्धतीने मोजणी केली, तेव्हा पूर्ण मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी भरल्या. पण त्यांतील बहुसंख्य लहान मेंदूत होत्या आणि मोठ्या मेंदूच्या बाह्यकात जेमतेम १६०० कोटी.

‘तासाला ३.६ वर्षे म्हातारपण’ ही तुलना तर मला सर्वांत कमकुवत वाटते. वयानुसार होणारी घट मेंदूभर आणि हळूहळू पसरलेली असते. पक्षाघातात एकाच ठिकाणचा सलग भाग जातो. गावातील प्रत्येक घरातून एकेक वीट काढणे आणि तेवढ्याच विटांची एक पूर्ण आळी पाडणे यांत विटांची संख्या सारखी असली तरी नुकसान सारखे नसते.

तिसरा आक्षेप : भिंतीचा हिशेब नाही

आतापर्यंतचे आक्षेप मोजमापाविषयी होते. तिसरा अधिक मूलभूत आहे. हा आकडा फक्त चेतापेशी मोजतो. ज्या रक्तवाहिनीवर त्या जगतात तिच्या भिंतीचे काय झाले, याबद्दल तो काहीच बोलत नाही. आणि पक्षाघाताचा उपचार केव्हा करावा, केव्हा टाळावा हा प्रश्न त्या भिंतीशीही तेवढाच निगडित आहे.

ही भिंत खास आहे. १८८५ च्या सुमारास पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये टोचली, तेव्हा इतर अवयव रंगले, पण मेंदू कोरा राहिला. मेंदूला रंग धरतच नाही, असे एर्लिख यांना वाटले. त्यांचे विद्यार्थी एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. त्यांनी रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि उरलेले शरीर कोरे राहिले! म्हणजे मेंदूला रंगाचे वावडे नव्हते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी आड येत होते. ते नेमके काय, हे १९६७ साली रीझ आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात, की त्यांच्या फटींतून प्रथिनाचे रेणू जाऊ शकत नाहीत. यालाच रक्त-मेंदू अडथळा म्हणतात. या अस्तराला बाहेरून एक पातळ पटल, आधार देणाऱ्या पेशी आणि ताराकार पेशींचे पाय असे वेष्टन असते. एर्लिख आणि गोल्डमन यांच्या प्रयोगांची ही जोडी वर्गात जरूर सांगावी. निरीक्षण बरोबर, पण अर्थ चुकीचा, हे एवढ्या थोडक्यात दाखवणारे उदाहरण क्वचितच मिळते.

रक्तपुरवठा तुटला की ही भिंतही उपाशी राहते. अस्तराच्या पेशींमधील शिवण सैल होऊ लागते. काही विकरे जागी होतात आणि शिवणीतील प्रथिने व बाहेरचे पटल पचवू लागतात. मग रक्तातील पाणी आणि प्रथिने मेंदूत झिरपून सूज येते. पुढे तांबड्या पेशीही बाहेर पडतात, म्हणजे रक्तस्राव होतो.

आता पुन्हा पाटाकडे वळू. पाट बराच काळ कोरडा राहिला की त्याच्या मातीच्या बांधाला भेगा पडतात. अडथळा काढून एकदम पाणी सोडले, तर तगून राहिलेले पीक वाचेल. पण बांध भेगाळला असेल तर तो फुटून शेत वाहूनही जाईल. उपमा इथवरच. पाटाच्या भेगा आपोआप पडतात. रक्तवाहिनीची भिंत मात्र शरीराचीच विकरे पोखरतात, आणि गुठळी विरघळवणारे औषध या विकरांना आणखी चेतवते असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

हे औषध म्हणजे अल्टेप्लेज. त्याची निर्णायक चाचणी अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झाली आणि निष्कर्ष डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. झटका आल्यापासून तीन तासांच्या आत औषध दिलेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांना प्रकृती बिघडवणारा मेंदूतील रक्तस्राव झाला. औषध न दिलेल्यांत हे प्रमाण ०.६ टक्के होते. धोका दहापट! तरीही तीन महिन्यांनी अपंगत्वाशिवाय किंवा नाममात्र अपंगत्वासह वावरणाऱ्यांचे प्रमाण औषध घेतलेल्यांत निदान ३० टक्क्यांनी अधिक निघाले आणि मृत्यूही वाढले नाहीत. त्यांत १७ टक्के रुग्ण दगावले, तर दुसऱ्या गटात २१ टक्के. जे औषध वाचवते तेच क्वचित रक्तस्रावही घडवते, ही गोष्ट मेलेल्या चेतापेशी मोजून कधीच कळणार नाही.

घड्याळ भिंत मोजते का?

येथे एक सोपी गोष्ट रचण्याचा मोह होतो : जितका उशीर तितकी भिंत कमकुवत, म्हणून तितका रक्तस्राव जास्त आणि म्हणून वेळेची मर्यादा. बऱ्याच लोकप्रिय लेखांत ती अशीच सांगितलेली असते. पण माणसांवरील पुरावा इतका सरळ नाही.

२०१४ मध्ये नऊ चाचण्यांतील ६७५६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. जवळजवळ काहीही अपंगत्व न राहता बरे झालेल्यांचे प्रमाण असे होते. तीन तासांच्या आत उपचार झालेल्यांत औषधासह ३२.९ टक्के, औषधाविना २३.१ टक्के. तीन ते साडेचार तासांत ३५.३ आणि ३०.१ टक्के. त्यानंतर ३२.६ आणि ३०.६ टक्के. शंभर रुग्णांमागे लाभ सुमारे दहावरून पाचावर आणि मग दोनावर घसरला. हा शेवटचा फरक तर योगायोगाचाही असू शकतो. लाभ उतरत जातो हे स्पष्ट आहे. पण मेंदूतील मोठा रक्तस्राव औषध घेतलेल्यांत ६.८ टक्के आणि न घेतलेल्यांत १.३ टक्के होता, आणि हा वाढीव धोका लवकर किंवा उशिरा औषध दिल्याने फारसा बदलला नाही.

याचा अर्थ भिंतीला इजा होत नाही असा नाही. २००४ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १४४ रुग्णांचे एम.आर.आय. तपासले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश रुग्णांत अडथळा फुटल्याच्या खुणा दिसल्या आणि अशा रुग्णांत रक्तस्रावाचे प्रमाण जास्त होते. माझ्या मते दोन्ही निष्कर्षांचा मेळ असा लागतो : भिंत कमकुवत होते, पण ती घड्याळाच्या काट्याबरोबर होत नाही. कुणाची दोन तासांत, कुणाची कितीतरी उशिरा. घड्याळ हे भिंतीचे मोजमाप नसून, दुसरे काही हाताशी नसताना वापरलेला तिचा प्रतिनिधी आहे. साडेचार तासांची रेघ ही निसर्गाने आखलेली नाही. चाचण्यांत लाभ जिथपर्यंत खात्रीने दिसला तिथे ती माणसांनी आखली आहे.

प्रतिनिधीऐवजी मूळ गोष्ट पाहिली तर काय होते, हे २०१८ मध्ये दिसले. युरोपातील एका चाचणीत झोपेतून उठताना लक्षणे दिसलेले, म्हणजे झटका केव्हा आला ते ठाऊक नसलेले, ५०३ रुग्ण होते. एम.आर.आय.च्या एका प्रकारच्या चित्रात इजा दिसते, पण दुसऱ्या प्रकारात तिची खूण अजून उमटलेली नाही, अशांचीच निवड केली. औषध घेतलेल्यांपैकी ५३.३ टक्के रुग्ण चांगले सावरले, न घेतलेल्यांपैकी ४१.८ टक्के. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत ६ ते २४ तास उलटलेल्या २०६ रुग्णांची अशीच पारख करून निवड केली. त्यांच्यातील काहींची गुठळी धमनीत नळी घालून ओढून काढली. अशा रुग्णांपैकी ४९ टक्के तीन महिन्यांनी स्वतःचे व्यवहार स्वतः करू लागले. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. मिनिटाला १९ लाख हा नियम सर्वांना लागू असता, तर बारा-पंधरा तासांनंतर यांच्यात वाचवण्याजोगे काही उरलेच नसते.

मात्र हे निवडलेले रुग्ण होते. ज्यांच्या चित्रणात वाचण्याजोगा भाग उरला नव्हता, त्यांना या चाचण्यांत घेतलेच नाही. ‘चोवीस तासांपर्यंत वेळ असतो’ असा याचा अर्थ काढणे १९ लाखांच्या आकड्यापेक्षाही घातक चूक ठरेल.

मग वर्गात काय सांगावे?

आकडा टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. तो ‘सरासरी’ या शब्दासह सांगावा आणि त्याचे त्रैराशिक विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. कक्षा बदलल्या की उत्तर किती बदलते, हे त्यांना स्वतः पाहू द्यावे.

त्याबरोबर तीन गोष्टी सांगाव्यात. पहिली : आपला मेंदू सावकाश मरणाऱ्यांपैकी आहे की झपाट्याने, हे घरी बसून कुणालाही कळत नाही. ते चित्रणातच कळते. म्हणून तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर घाई प्रत्येकाने करायची. १०८ वर फोन करावा आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला, ती वेळ लिहून ठेवावी.

दुसरी : साडेचार तास उलटले म्हणून घरी थांबू नये. ती मर्यादा एका औषधासाठी आहे, रुग्णालयात जाण्यासाठी नाही. आपल्याकडे गाव आणि शहर यांत अंतर फार. ‘आता उशीर झाला’ या वाक्याने किती रुग्ण अंथरुणातच राहत असतील! उशीर झाला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार भिंतीवरच्या घड्याळाला देऊ नये.

तिसरी : रुग्णालयात पोहोचल्यावर आधी स्कॅन होते आणि मगच औषध मिळते. ही मधली मिनिटे नातेवाइकांना जाचतात, ‘पेशी मरताहेत आणि हे फोटो काढताहेत’ असे वाटते. पण काही झटके गुठळीने नव्हे, तर रक्तवाहिनी फुटल्याने आलेले असतात, लक्षणे सारखीच. अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध दिले तर ते जिवावर बेतेल. याच कारणाने, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी अॅस्पिरिनची गोळीही देऊ नये. ती मिनिटे वाया जात नाहीत. भिंत शाबूत आहे का, हे तेव्हा पाहिले जात असते.

२००१ पासून संशोधकांमध्ये एक विचार रुजू लागला आहे. चेतापेशी, ताराकार पेशी आणि केशवाहिनी मिळून एकच घटक मानावा आणि तो पूर्ण वाचवावा, असा तो विचार. केवळ चेतापेशी वाचवण्यासाठी तयार केलेली अनेक औषधे प्राण्यांत यशस्वी ठरूनही माणसांत फसली, हे त्यामागचे एक कारण. पत्रकांतील आकडा मात्र अजून एकट्या चेतापेशीच मोजतो आहे. आपल्या फळ्यावर १९ लाखांच्या शेजारी एका केशवाहिनीची आकृतीही काढली, तर विद्यार्थ्यांना घाईबरोबर तिचे कारणही कळेल.